‘नाही’ म्हणायची मुभा

पुणे

चि. मुक्ता,


तुझा मेसेज दोनदा वाचला. फोन करण्याऐवजी लिहायला बसले, कारण मैत्रिणीशी बोलण्याआधी तुला हे सावकाश वाचता यावं, आणि काही पटलं नाही तर माझ्याशी भांडताही यावं.

तू विचारलं आहेस, ‘जी मुलगी दिवसरात्र कोरियन मालिका बघते, जिच्या खोलीच्या भिंती कोरियन गायकांच्या फोटोंनी भरल्या आहेत, तिला तू कोरियन माणसाचा अपमान करतेस, हे कोणत्या तोंडानं सांगू? ती म्हणेल, माझ्याइतकं प्रेम त्यांच्यावर इथे करतं कोण?’

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. सांगायला हवं, तूच सांगायला हवं, आणि लवकर सांगायला हवं.

तू लिहिलेल्या गोष्टी एकापुढे एक मांडून बघ. कोरियाहून तुमच्या प्लँटमध्ये आलेल्या त्या तरुण इंजिनियरला ती नावानं हाक मारत नाही. भर कॅन्टीनमध्ये ‘ओप्पा’ म्हणून ओरडते. तो जेवत असताना न विचारता त्याचा फोटो काढला आणि ‘भेटला एकदाचा’ असं लिहून स्टोरीला टाकला. ‘कुठलं क्रीम लावतोस?’ म्हणत त्याच्या गालाला हात लावला. तो म्हणाला, मी ही गाणी ऐकत नाही, मला बेसबॉल आवडतं, तर सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मग तू कसला कोरियन!’ त्याच्या डब्याचा वास आला तेव्हा विचारलं, ‘कुत्र्याचं तर नाही ना?’ आणि क्वालिटी विभागातल्या त्या मणिपुरी मुलीला ती पाठीमागे ‘चिंकी’ म्हणते.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कोणीही म्हणेल, पोरकटपणा आहे, सोडून द्या. एकत्र घेतल्या की दिसतं, या सगळ्यात तो मुलगा कुठेच नाही. तिच्या मनात आधीपासून एक चित्र आहे, आणि तो त्या चित्रात बसतो की नाही एवढंच ती तपासते आहे. बसला की गालाला हात, नाही बसला की ‘कसला कोरियन’.

आता त्याच्या बाजूनं बघ. कोरियन सहकाऱ्यांबरोबर दुभाषी म्हणून मी बरंच काम केलं आहे, त्या अनुभवावरून सांगते. तिथल्या कचेऱ्यांत माणसाला नुसत्या नावानं क्वचितच हाक मारतात. हुद्दा आणि त्यापुढे आदराचं ‘निम’, ही रीत. ‘ओप्पा’ हे मुलीनं आपल्या थोरल्या भावाला किंवा वयानं मोठ्या, अगदी जवळच्या मुलाला म्हणायचं. ते जवळीक झाल्यावर येतं, आणि त्याला समोरच्याची संमती असते. नोकरीच्या ठिकाणी, वरिष्ठांच्या देखत एखादी अनोळखी मुलगी तसं ओरडते तेव्हा त्याची पंचाईत होते. तो हसतो, कारण न हसणं म्हणजे चारचौघांत तिला खाली बघायला लावणं, आणि त्याच्या संस्कारात ते बसत नाही. शिवाय तो परक्या देशात, नव्या जागी, हुद्द्यानं लहान. तू लिहिलं आहेस, ‘तो काही बोलत नाही, हसतो फक्त.’ त्या हसण्याला होकार समजू नकोस.

आणखी एक गोष्ट ध्यानात घे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३ चा कायदा स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहे. पुरुषाला त्या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. कंपनीच्या स्वतःच्या नियमांत सोय असेल तर तेवढीच. उद्या एखाद्या पुरुष सहकाऱ्यानं परदेशी मुलीच्या गालाला हात लावून विचारलं असतं, ‘कुठलं क्रीम?’, तर तुम्ही सगळ्या उठून उभ्या राहिला असता, आणि ते योग्यच झालं असतं. तो मुलगा आहे म्हणून त्याच्या गालाला लागलेला हात हलका होत नाही. त्याच्या बाजूनं कायदा अपुरा पडतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसांचं बोलणं जास्त मोलाचं असतं. म्हणून म्हटलं, तूच सांगायला हवं.

मैत्रीण म्हणेल, ‘मी तर कौतुक करते.’ इथेच तुला ठाम राहायचं आहे. आवड आणि हव्यास यांत फरक करायला एक कसोटी पुरते. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे का? मला ही गाणी आवडत नाहीत, माझा फोटो काढू नका, मला तुमचा हिरो व्हायचं नाही, असं म्हणूनही त्याचा मान तेवढाच राहतो का? राहत असेल तर ती आवड. नाहीतर जिभेवर कितीही कौतुक असलं तरी मनात मालकी आहे.

तिचं कौतुक आणि तिची टिंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तुला वाटतं. तू लिहिलंस, ‘एरवी एवढं प्रेम करते आणि मधेच असं घाण बोलते, मला कळतच नाही.’ मला यात विसंगती दिसत नाही. ‘तुमची त्वचा काय काचेसारखी असते!’ आणि ‘तुम्ही कुत्री खाता!’ ही दोन्ही वाक्यं ‘तुमची’, ‘तुम्ही’ यांपासून सुरू होतात. दोन्हींत एका माणसावर पाच कोटींहून जास्त लोकांचं ओझं टाकलेलं आहे. त्याच्या डब्यात किमची असेल, नाहीतर सुकी मासळी. दक्षिण कोरियाच्या संसदेनं जानेवारी २०२४ मध्ये मांसासाठी कुत्री पाळण्यावर, मारण्यावर आणि ते मांस विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तो २०२७ पासून पूर्ण लागू होतो. ही बंदी तिथल्याच लोकांनी वर्षानुवर्षं लढून आणली, आणि तिथल्या तरुणांपैकी बहुतेकांनी ते मांस खाणं कधीच मागे टाकलं आहे. पण ही माहिती नसती तरीही दुसऱ्याच्या डब्याकडे बघून नाक मुरडायचा हक्क आपल्याला कुठून आला? मासे शिजवतात म्हणून मुंबईत मराठी कुटुंबांना घरं नाकारली गेल्याच्या बातम्या आपण संतापानं वाचतो. माणसाच्या ताटावरून त्याची लायकी ठरवणं काय असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या मणिपुरी मुलीचीही गोष्ट याच धाग्यातली आहे. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. चित्रपटगृहांत आणि घरांत पडलेली ती पोकळी कोरियन चित्रपटांनी आणि मालिकांनी भरली. उरलेल्या भारताला कोरियन लाट कळली त्याच्या किती आधी इंफाळच्या पोरांच्या तोंडी ती भाषा होती! तुझ्या मैत्रिणीला कोरियन मालिकांवर मनसोक्त गप्पा मारायच्या असतील तर कदाचित तुमच्या प्लँटमध्ये त्या मणिपुरी मुलीइतकी दुसरी जाणकार नसेल. पण तिच्याकडे ही बघणार नाही, कारण पडद्यावर जे डोळे सुंदर, तेच शेजारच्या टेबलावर थट्टेचा विषय. २०२० मध्ये साथ आली तेव्हा ईशान्येकडच्या मुलामुलींना आपल्या शहरांत ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं, हे आपण विसरायला नको. चेहऱ्यावरून केलेलं कौतुक आणि चेहऱ्यावरून केलेली हेटाळणी एकाच सवयीतून येतात.

‘एवढं काय त्यात, कुणाचं नुकसान होतं?’ असं ती म्हणाली तर दोन घटना तिला सांग. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत खार भागात एक कोरियन तरुणी रस्त्यावरून थेट प्रक्षेपण करत होती. एक तरुण तिचा हात धरून ओढू लागला, चुंबन घ्यायचा प्रयत्न झाला, ती नाही म्हणत निघाली तरी तो आणि त्याचा साथीदार मोटरसायकलवरून मागे आले. पोलिसांनी दोघांना अटक केली. दुसरी घटना अमेरिकेतली. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा आणि तिथल्या परिसरात एका तरुणानं तीन मसाज पार्लरमध्ये गोळीबार करून आठ माणसं मारली. त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या चार कोरियन वंशाच्या. आपल्याला जडलेल्या ‘मोहा’चं मूळ नष्ट करायला निघालो होतो, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. मुक्ता, तुझी मैत्रीण त्या माणसासारखी आहे असं मी म्हणत नाही, आणि तूही चुकून तसं म्हणू नकोस. पण एखाद्या वंशाच्या माणसांकडे आपली इच्छा भागवणारी बाहुली म्हणून बघायची सवय जगात खेळकर स्टोरीपासून बंदुकीपर्यंत पसरलेली आहे. तिच्या सुरुवातीच्या टोकाला आपलं माणूस उभं असेल तर त्याला तिथून मागे ओढणं हे मैत्रिणीचंच काम.

आता मला सगळ्यात जास्त टोचलं ते सांगते. ही मुलगी ज्या देशासाठी एवढी वेडी आहे, त्या देशाला ती भेटलेलीच नाही.

आपल्या स्वातंत्र्याचा दिवस तोच कोरियाच्या मुक्तीचाही दिवस आहे, हे तिला माहीत आहे का? १९१० पासून जपाननं कोरियावर राज्य केलं. १ मार्च १९१९ ला तिथे स्वातंत्र्याची मागणी करत लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि चिरडले गेले, जालियनवाला बागेच्या जेमतेम सहा आठवडे आधी. पुढे शाळांतून त्यांची भाषा हद्दपार झाली, आणि १९४० पासून त्यांना जपानी धर्तीची नावं घ्यायला लावण्यात आली. १५ ऑगस्ट १९४५ ला ते राज्य संपलं. ज्या लोकांना अशी स्वतःची नावं पुसायला लागली, त्यांच्यातल्या एका मुलाला ही नावानं हाक मारत नाही.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली, ती आपल्यालाही आली. १९५० ते १९५३ युद्ध झालं. शस्त्रसंधी झाली, पण तह आजतागायत झालेला नाही. म्हणून तिथल्या धडधाकट तरुणाला लष्करात जावं लागतं, भूदलात आता १८ महिने. आपले आवडते गायक सैन्यात गेले तेव्हा तुझी मैत्रीण रडली होती. त्या तारखा तिला पाठ आहेत. कॅन्टीनमध्ये समोर बसलेल्या मुलाला तिनं कधी विचारलं का, तू गेला होतास का, कसे गेले ते दिवस?

त्या युद्धाशी आपल्या मातीचंही नातं आहे. शस्त्रसंधीनंतर २२ हजारांहून जास्त उत्तर कोरियन आणि चिनी युद्धकैदी असे होते, की ज्यांनी मायदेशी परतायला नकार दिला होता. त्यांना सांभाळायला भारताची एक फौज गेली. तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारला ही फौज इतकी नको होती, की आपल्या भूमीवर तिला पाय ठेवू द्यायला ते तयार नव्हतं. आपल्या सैनिकांना हेलिकॉप्टरनं सरहद्दीवरच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. दोन्ही बाजूंचे लोक कैद्यांवर दबाव आणत होते, छावण्यांत दहशत होती. अशा ठिकाणी थोरातांच्या माणसांचं काम एकच होतं, कैद्याला जबरदस्तीनं कोणी इकडे नेऊ नये आणि तिकडेही नेऊ नये. त्याचं त्यानं बोलावं. कोरियात आपण केलेलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं असेल तर ते हे, परक्या माणसाच्या होकार-नकाराची राखण. कोरियावर प्रेम करायचं असेल तर त्याचा हा धडा आपल्या घरातच आहे.

आणि ‘काचेसारखी त्वचा’? २०१८ च्या सुमाराला कोरियातल्या कितीतरी तरुणींनी आपली सौंदर्यप्रसाधनं फोडून टाकली, केस बारीक कापले आणि त्याचे फोटो जगासमोर ठेवले. दिवसभर नितळ, सडपातळ, गोड दिसत राहण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांचं ते बंड होतं. तुझी मैत्रीण ज्याची पूजा करते, त्याच्याच जाचातून त्या मुलींना सुटायचं होतं. लाटेबरोबर आलेली चमक खोटी नाही, तिच्यामागे अफाट कष्ट आहेत. पण त्या कष्टांची किंमत कोण मोजतं हे न बघता नुसती चमक मागणं हे प्रेम नव्हे.

आता बोलायचं कसं, ते सांगते.

ग्रुपवर लिहू नकोस, आणि चारचौघांत तर मुळीच नको. चारचौघांत माणूस स्वतःला वाचवतो, ऐकत नाही. बसमध्येही नको, मागच्या सीटवर कान असतात. सुट्टीच्या दिवशी चालायला घेऊन जा.

‘तू वंशवादी आहेस’ इथून सुरुवात करू नकोस. तसं केलंस तर पुढचा तासभर ती कशी आहे यावरच वाद होईल, आणि तिनं काय केलं ते बाजूला राहील. एक घडलेली गोष्ट घे. मी तुझ्या जागी असते तर गालाला हात लावला तीच घेतली असती. असं काहीतरी म्हण, ‘त्या दिवशी तू त्याच्या गालाला हात लावलास, तेव्हा तो मागे सरकला. मी बघितलं. मला ते आवडलं नाही, आणि तेव्हाच बोलायला हवं होतं म्हणून आज बोलते आहे.’ मग थांब. तिला बोलू दे. ती रागावेल, हसण्यावारी नेईल, ‘तो कुठे काय म्हणाला?’ असं विचारेल. त्यावर सांग, ‘तो म्हणू शकत नाही, म्हणून मी म्हणते.’

‘तुला काय कळतं कोरियातलं?’ असं आलं तर ज्ञानाची स्पर्धा लावू नकोस. वर लिहिलेला इतिहास तिच्या अंगावर फेकायला नाही, तो तुझा पाय घट्ट राहावा म्हणून आहे. तिला एवढंच विचार, ‘तुझ्या गावाकडे कोणी परदेशी आला, न विचारता आजीचा फोटो काढला, तिच्या नऊवारीला हात लावून बघितला, आणि जीन्स घालणाऱ्या तुला म्हणाला की मग तू कसली मराठी, तर तू काय करशील?’ उत्तर तिचं तिला सापडू दे.

त्या मुलाच्या वतीनं मात्र बोलू नकोस. ‘त्याला फार त्रास होतो’ असं त्यानं तुला सांगितलेलं नसेल तर तसं म्हणायचं नाही. आपल्या सोयीसाठी त्याच्या तोंडी शब्द घातलेस तर तूही तेच केलंस, जे ती करते. आधी त्याला एकदा बाजूला, कामाच्या सुरात विचार, ‘तो फोटो काढून टाकायला सांगू का?’ तो ‘राहू दे’ म्हणाला तर फोटोबद्दल मैत्रिणीकडे हट्ट धरू नकोस. पण हात लावणं आणि ‘चिंकी’ म्हणणं याबद्दल बोलायला तुला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ते तुझ्या डोळ्यांदेखत, तुझ्या कानांवर पडेल असं घडलं आहे.

तिला पटलं तर पुढे काय करायचं तेही आधी ठरवून जा. फोटो नको असेल तर तो जाईल. त्याला नावानं, हुद्द्यानं हाक मारली जाईल. माफी मागायची तर दोन वाक्यांत, एकदाच. रडून, भेटवस्तू देऊन, ‘तू रागावला नाहीस ना?’ असं दहादा विचारून मागितलेली माफी पुन्हा त्याच्याच खांद्यावर बसते. आणि त्या मणिपुरी मुलीची माफी आधी मागायची. तिच्या बाबतीत तर कौतुकाचं निमित्तही नव्हतं.

पटलं नाही तर? मैत्री लगेच तोडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. पुढच्या वेळी तिथल्या तिथे, शांतपणे म्हण, ‘हे नको.’ मोठं भाषण नको, एवढे दोन शब्द पुरतात. तू हसली नाहीस की तिच्या थट्टेला मिळणारी दाद कमी होते, आणि टेबलावरचे आणखी दोघं-तिघं हसायचे थांबतात. एवढं करूनही ती पुन्हा अंगाला हात लावत असेल, तर त्या मुलाला विचारून तुमच्या एचआरकडे जा. त्या दिवशी ती तुला फितूर म्हणेल. म्हणू दे. मैत्रिणीच्या प्रत्येक वागण्याला मान डोलावणं म्हणजे मैत्री, असं तुला कोणी शिकवलेलं नाही.

मला मात्र वाटतं, ती ऐकेल. जी मुलगी परक्या भाषेतली गाणी तोंडपाठ करण्यासाठी रात्र-रात्र जागते, तिच्यात जिव्हाळ्याची ताकद आहे, फक्त ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. ते वेड मारून टाकू नकोस. त्याला काम दे. हान कांग यांना २०२४ चं साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांचा जन्म ग्वांगजूचा. मे १९८० मध्ये त्या शहरात लोकशाहीसाठी उभ्या राहिलेल्या नागरिकांवर सैन्यानं गोळ्या चालवल्या, त्यावरची त्यांची ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ ही कादंबरी तिच्या हातात दे. ती वाचल्यावर तिला कळेल, तिच्या आवडत्या मालिकांत जी माणसं कॉफी पीत हसतात, त्यांच्या आईवडिलांच्या पिढीनं ती मोकळी हवा कशाच्या मोलावर मिळवली.

आणि लिपी शिकायची असेल तर माझ्याकडे घेऊन ये. राजा सेजोंग यांनी सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून घडवलेली आणि १४४६ मध्ये प्रजेला दिलेली हांगुल लिपी आज २४ मूलभूत अक्षरांची आहे. मन लावलं तर थोड्याच दिवसांत वाचता येते. पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट शिकवीन, त्या मुलाचं नाव नीट लिहायला आणि नीट उच्चारायला. रविवारी सकाळी मी घरीच असते. तुमचं बोलणं झालं की मला कळव.

तुझी,
मावशी